लॉकडाऊनमध्ये गरोदरपणी १२ किलो वाढले : आधी भात बंद करू नका, आधी बीपी मोजा

तुमचा प्रश्न दोनदा वाचला. आधी तो माझ्या शब्दांत मांडते, म्हणजे मला बरोबर कळलाय का हे तुम्हालाही दिसेल. पहिलंच बाळंतपण, वय २९, उंची पाच फूट दोन इंच. दिवस जाण्याआधी ६१ किलो होतात. एप्रिल २०२१ च्या मध्याला, तेराव्या आठवड्यात, दवाखान्याच्या काट्यावर ६२ भरलं. मग कोरोनाची दुसरी लाट, राज्य सरकारचे ‘ब्रेक द चेन’चे निर्बंध, आणि तेव्हापासून डॉक्टरांची गाठ फक्त फोनवर. मे महिन्यात पाच महिन्यांची सोनोग्राफी झाली, ती व्यवस्थित आहे. जूनमध्ये ऑनलाइन काटा मागवला. त्यावर गेल्या तीन आठवड्यांचे आकडे ७१.४, ७२.१ आणि ७३. सत्ताविसावा आठवडा चालू आहे. सासूबाई म्हणतात, बाळ गुटगुटीत होणार. मैत्रीण म्हणते, आता सिझर ठरलेलंच. तुम्ही घाबरून भात बंद केलाय, रात्री नुसतं सूप पिताय आणि विचारताय की अजून काय बंद करू.

काहीच बंद करू नका. निदान आज तरी. मी २२ वर्षं बाळंतपणं करतेय, आणि तुमच्या पत्रातली मला खटकलेली ओळ वजनाची नाहीच. चौदा आठवडे तुमचं बीपी कुणी मोजलेलं नाही आणि साखर तपासलेली नाही, ती ओळ मला खटकली. ७३ हा आकडा त्या दोन तपासण्यांशिवाय वाचताच येत नाही.

तरी जमेल तेवढा वाचून बघू. पहिले तीन महिने वजन जेमतेम एखाद-दोन किलोने वाढतं, काहींचं उलट्यांमुळे उतरतं. त्यानंतर मध्यम बांध्याच्या बाईचं आठवड्याला साधारण ४०० ग्रॅम. या हिशेबाने सत्ताविसाव्या आठवड्यात सात-आठ किलो वाढ अपेक्षित होती, तुमची बारा दिसते. म्हणजे चारेक किलो पुढे. पण यात एक गफलत आहे: ६२ एका काट्यावरचे आणि ७३ दुसऱ्या. माझ्या दवाखान्यातल्या काट्यात आणि पेशंटच्या घरच्या काट्यात दीड-दीड किलोचा फरक मी पाहिलाय. काटा गादीवर किंवा सतरंजीवर ठेवला असेल तर विचारूच नका. म्हणून दोन काट्यांमधला फरक सोडा, एकाच काट्यावरचा चढ बघा. तुमच्या घरच्या काट्यावर एका आठवड्यात ७०० ग्रॅम आणि पुढच्या आठवड्यात ९०० ग्रॅम. चढ जलद आहे, आणि शेवटची पायरी जरा जास्तच उंच आहे.

एकूण किती वाढावं, याचे जगभर वापरले जाणारे आकडे अमेरिकेतल्या ‘इन्स्टिट्यूट ऑफ मेडिसिन’ने २००९ मध्ये दिले. दिवस जाण्याआधीचा बीएमआय, म्हणजे उंचीच्या मानाने वजन किती हे सांगणारा आकडा, १८.५ ते २४.९ असेल तर साडेअकरा ते सोळा किलो, २५ ते २९.९ असेल तर सात ते साडेअकरा, त्याहून वर पाच ते नऊ, आणि १८.५ च्या खाली असेल तर साडेबारा ते अठरा. तुमचा बीएमआय येतो २४.६. त्या तक्त्यात तुम्ही ‘नॉर्मल’च्या काठावर बसता. पण आपल्याकडे बारीक दिसणाऱ्या बाईच्याही पोटावर चरबी असते, मधुमेह लवकर गाठतो, म्हणून भारतीयांसाठी २३ च्या पुढेच जास्त वजन धरतात. त्या हिशेबाने तुम्ही पुढच्या रकान्यात. मग बारा किलो जास्त की बरोबर? खरं सांगायचं तर दोन रकान्यांच्या मधे उभ्या असलेल्या बाईला मी एकच एक आकडा देत नाही. जुळी असतील, थायरॉइड असेल, आधीपासून पीसीओडी असेल, तर हिशेब आणखी बदलतो. यातलं काहीच तुम्ही लिहिलेलं नाही, म्हणून नाही असं धरून चालते.

आता हे बारा किलो असतात कशाचे? पूर्ण दिवस भरल्यावर बाळ तीनेक किलो, वार (बाळाला आईच्या रक्तातून पोसणारा भाग) अर्धा ते पाऊण, गर्भजल पाऊण ते एक, गर्भाशय एक, स्तनांचं वजन अर्ध्या किलोच्या आसपास, वाढलेलं रक्त सव्वा ते दीड, अंगातलं जादा पाणी दीड, आणि उरलेली तीन-साडेतीन किलो चरबी, जी पुढे अंगावर पाजताना कामी येते. तुमचं बाळ मात्र आत्ता कुठे किलोभराचं आहे. त्यामुळे सासूबाईंना नाराज न करता सांगते, वाढलेले किलो बाळाच्या अंगावर गेलेत हा समज बाजूला ठेवा. ते एकतर चरबीचे आहेत किंवा पाण्याचे, आणि या दोहोंत फार मोठा फरक आहे. तो फरक मी एकदा ओळखला नव्हता.

जून २०२०. पहिलटकरीण, ३१ आठवडे झालेली. तोवर सगळं सरळ चाललं होतं. तिचा मेसेज आला, ‘मॅडम, दोन आठवड्यांत तीन किलो वाढलं.’ त्या दिवसांत असे मेसेज रोज चार यायचे. सगळ्या जणी घरात कोंडलेल्या, कुणी केक करतंय, कुणी कॉफी घुसळतंय. मी उत्तर दिलं, ‘गोड बंद कर, गच्चीवर चाल.’ तिने प्रामाणिकपणे गोड बंद केलं. आठ दिवसांनी रात्री अकराला नवऱ्याचा फोन: डोकं थांबत नाही, डोळ्यांपुढे काजवे चमकताहेत. दवाखान्यात आणली तेव्हा बीपी १७०/११०, लघवीतून प्रथिनं जात होती, आणि बोटातली अंगठी साबण लावूनही निघेना. ते तीन किलो पाण्याचे होते. झटके येऊ नयेत म्हणून मॅग्नेशियम, बाळाच्या फुप्फुसांसाठी स्टेरॉइडची इंजेक्शनं, आणि दोन दिवसांत बाळंतपण करावं लागलं. बाळ १४०० ग्रॅमचं. आईचं वजन भराभर वाढत होतं आणि आत बाळ उपाशी होतं, कारण वारेतून रक्तच नीट पोचत नव्हतं. काचेच्या पेटीत महिनाभर राहून ते घरी गेलं, दोघंही आज ठणठणीत आहेत. पण त्या मेसेजला मी ‘बीपी किती आहे?’ एवढं विचारलं असतं, तर आठ दिवस आधी कळलं असतं. फोनवरच्या तपासणीत वजन कळतं, बीपी कुणी सांगितलं तरच कळतं. तेव्हापासून वजनाची तक्रार आली की माझा पहिला प्रश्न तोच असतो.

तर तुम्हीही आजच बीपी मोजा. कोपराच्या वर पट्टा बांधायचं डिजिटल यंत्र घ्या, मनगटावरचं नको. सोसायटीत कुणाकडे तरी असतंच. नसेल तर जवळच्या कुठल्याही दवाखान्यात दोन मिनिटांचं काम आहे. पाच मिनिटं पाठ टेकून शांत बसायचं, पाय जमिनीवर, हात टेबलावर छातीच्या पातळीला, मोजताना बोलायचं नाही. वरचा आकडा १४० किंवा खालचा ९० गाठत असेल तर त्याच दिवशी डॉक्टरांना फोन. १६० किंवा ११० असेल तर फोन करत बसू नका, सरळ दवाखाना गाठा. बीपी ठीक आलं तरी काही खुणा लक्षात ठेवा: एका आठवड्यात किलोहून जास्त वाढ, चेहरा आणि हात सुजणं, न थांबणारी डोकेदुखी, धूसर दिसणं किंवा काजवे, उजव्या बरगडीखाली दुखणं, लघवी कमी होणं. नुसती संध्याकाळी पावलं सुजणं बहुतेकींना होतं. सकाळपर्यंत ती सूज उतरत असेल आणि बीपी ठीक असेल तर मी तिला फार मोजत नाही.

तुमचा चढ एप्रिलपासून बऱ्यापैकी एकसारखा दिसतो. एकसारखा चढ बहुधा खाण्याकडे आणि बसण्याकडे बोट दाखवतो, अचानक उडी पाण्याकडे. म्हणून माझा अंदाज खाण्याचा आहे. पण अंदाजावर मी एकदा तोंडघशी पडलेय, तेव्हा बीपी मोजाच.

दुसरी तपासणी साखरेची, आणि ती करायचा नेमका काळ म्हणजे २४ ते २८ आठवडे. तुमच्या हातात आठवडाभर आहे. आपल्याकडे सोपी पद्धत चालते: ७५ ग्रॅम ग्लुकोज पाण्यात विरघळवून पाच-दहा मिनिटांत प्यायचं आणि बरोबर दोन तासांनी एकदाच रक्त द्यायचं. पोट रिकामं असण्याची सक्ती नाही. १४० किंवा त्याहून जास्त आलं तर गरोदरपणातला मधुमेह धरतात. लॅबमध्ये दोन तास गर्दीत बसायची भीती वाटते म्हणून कित्येक जणींनी ही तपासणी टाळली. त्यावर मी काढलेला मार्ग असा: ग्लुकोज घरी प्या, संपवल्याची वेळ लिहून ठेवा, दोन तास स्वस्थ बसा, आणि लॅबच्या माणसाला त्या वेळेला घरी बोलवा. अर्ध्या तासाच्या आत उलटी झाली तर दुसऱ्या दिवशी परत. त्याच सुईत हिमोग्लोबिनही करून घ्या. तुमचा रक्तगट निगेटिव्ह असेल आणि नवऱ्याचा पॉझिटिव्ह, तर अठ्ठाविसाव्या आठवड्याच्या सुमाराचं अँटी-डी इंजेक्शन डॉक्टरांना विचारायला विसरू नका. फोनवरच्या तपासण्यांत ते हमखास निसटतं.

आता खाणं. तुम्ही दिवसाचं लिहून पाठवलंय ते बरं केलंत. सकाळी भिजवलेले बदाम आणि खजूर, केशर-दूध, मग पोहे किंवा उपमा, अकराला परत दूध, जेवण, चारला चहा-बिस्किटं आणि डिंकाचा लाडू, रात्रीचं जेवण, झोपताना हळदीचं दूध. मे महिनाभर आमरस, तोही वाटीने नाही, पातेल्याने, असं तुम्हीच लिहिलंय! आंब्याचा मोसम संपला, तेव्हा त्यावर मी काही बोलत नाही. आपल्या राष्ट्रीय पोषण संस्थेचा हिशेब सांगतो की गरोदर बाईला रोज साधारण ३५० कॅलरी जादा लागतात. ‘दोन जिवांचं खा’ या म्हणण्याचा एवढाच अर्थ: एक पोळी, एक वाटी उसळ, एक कप दूध. बस. तुमच्या यादीतला एक मोठा डिंकाचा लाडू त्यातला निम्म्याहून जास्त वाटा एकट्याने संपवतो. मुळात डिंकाचे आणि अळिवाचे लाडू आपल्या आज्यांनी बाळंतिणीसाठी ठेवले होते. कोरोना आला, ‘ताकद पाहिजे, प्रतिकारशक्ती पाहिजे’ सुरू झालं, आणि ते लाडू चार महिने अलीकडे सरकले. गुळाचा काढा दिवसातून दोनदा, हेही त्यातलंच.

यात सासूबाईंची चूक काढू नका. बाहेर माणसं दगावत होती, ऑक्सिजन मिळत नव्हता, आणि घरात सून गरोदर. त्यांच्या हातात स्वयंपाकघर एवढंच होतं. मी माझ्या पेशंटच्या सासूबाईंना स्पीकरवर घेते आणि सांगते, ‘लाडू कराच, पण डब्यात भरून ठेवा, बाळ झाल्यावर लागतील. आत्ता रोज एक वाटी मटकीची उसळ किंवा दोन अंडी तुमच्या हातची द्या.’ काम काढून घेतलं की माणूस रुसतं. काम बदलून दिलं तर सहसा रुसत नाही.

भात परत सुरू करा. रात्री सूप पिऊन झोपलात तर बारा वाजता भूक लागते आणि हात बाकरवडीच्या डब्यात जातो, हे तुम्ही लिहिलं नसलं तरी मला दिसतंय. शिवाय गरोदर शरीर उपाशी राहिलं की इतर वेळेपेक्षा लवकर चरबी जाळायला लागतं, रक्तात कीटोन वाढतात, ते बाळाला चांगलं नाही. या महिन्यांत वजन उतरवायचं नसतं, चढ सौम्य करायचा असतो. तुमच्यासाठी मी आठवड्याला ३०० ग्रॅमच्या आसपास धरेन. उरलेल्या तेरा आठवड्यांत चारेक किलो, म्हणजे शेवटी सोळाच्या जवळ. त्याने माझं समाधान होईल. ताटाचं गणित साधं ठेवा: एक भाकरी किंवा दोन फुलके, त्यावर मुठीएवढा भात, आमटी किंवा उसळ एका वाटीऐवजी दीड वाटी, पालेभाजी, कोशिंबीर, ताक. दूध दिवसात दोन कप, बिनसाखरेचं, त्यातलंच एक झोपताना घ्या. बिस्किटांच्या जागी मूठभर भाजके चणे किंवा फुटाणे. बदाम पाच-सहा चालतील. साखरेचा रिपोर्ट येईपर्यंत खजूर थांबवा. आठवड्यातून एकदा पुरणपोळी झाली तर मला फोन करू नका, खा.

बसण्याचं मात्र खाण्याइतकंच महत्त्वाचं. तुमचं ऑफिस आता जेवणाच्या टेबलावर आहे. पूर्वी बसस्टॉप, जिने, कँटीन, मीटिंगची खोली असं नकळत जे चालणं व्हायचं, ते शून्यावर आलं. सोसायटीची बाग बंद होती तेव्हा माझ्या पेशंट पार्किंगमध्ये किंवा गच्चीवर चालायच्या. एकदम तासभर चालायची गरज नाही. तिन्ही जेवणांनंतर दहा-दहा मिनिटं चाला, पॅसेजमध्ये येरझाऱ्या घातल्या तरी चालेल. आठवड्याला दीडशे मिनिटांची जी शिफारस असते ती यात सहज भरते, आणि जेवणानंतर चढणारी साखर खाली राहते. मीटिंगमध्ये कॅमेरा बंद असेल तर उभं राहून ऐका. तासन्‌तास पाय लोंबकळत ठेवून बसलं तर गरोदरपणात पायात रक्ताची गुठळी व्हायचा धोका वाढतो. एकाच पोटरीला सूज आणि दुखणं आलं तर ते अंगावर काढू नका. वार खाली असेल, रक्त जात असेल, पोट वरचेवर कडक होत असेल किंवा पाणी जातंय असं वाटत असेल, तर माझा चालण्याचा सल्ला तुम्हाला लागू नाही.

मैत्रिणीच्या सिझरच्या भविष्याबद्दल. वजन फार वाढलं की मोठं बाळ, मधुमेह, बीपी आणि सिझर यांची शक्यता वाढते, हे खरं. शक्यता वाढते, ठरत नाही. १८ किलो वाढून सरळ बाळंत झालेल्या आणि आठ किलो वाढून सिझर झालेल्या अशा दोन्ही मी पाहिल्यात. कारण बाळाची ठेवण, कटीची हाडं, कळा काट्यावरचा आकडा विचारत नाहीत. पुढे सोनोग्राफीत बाळाचं वजन ‘साडेतीन किलो’ असं आलं तर तेही देववाणी समजू नका. त्यात दहा-पंधरा टक्के इकडेतिकडे होतं.

आणि एक बाजूची गोष्ट, कारण हे उत्तर दुसऱ्याही वाचतील. दर महिन्याच्या ९ तारखेला सरकारी दवाखान्यात गरोदर स्त्रियांची मोफत तपासणी असते, तिथे मी जाते. त्या रांगेत उलटी तक्रार असते. हाताचं काम गेलं, घरात डाळ येईना, आठवा महिना आणि वाढ साडेचार किलो. तुमच्यापेक्षा मला त्या बाईची काळजी जास्त वाटते, कारण तिचं बाळ कमी वजनाचं जन्मण्याची भीती खरी आहे. वजन वाढत नसेल तर ‘बरं आहे, सुटणार नाही’ असं समजून गप्प बसू नका. आशाताईंना सांगा, अंगणवाडीचा आहार घ्या, ९ तारखेला या.

आता लस. २ जुलै २०२१ ला केंद्र सरकारने गरोदर स्त्रियांना कोरोनाची लस घ्यायला परवानगी दिली. वाढलेलं वजन, मधुमेह आणि बीपी या तिन्ही गोष्टी गरोदर बाईचा कोरोना गंभीर करतात. एप्रिल-मेमध्ये जे बघितलं ते इथे लिहीत नाही. तुमच्या आधीच्या वजनाकडे बघून मी तुम्हाला घ्या असंच म्हणेन. तपासणीला जाल तेव्हा तुमच्या डॉक्टरांशी बोला.

तपासणी मात्र या वेळी प्रत्यक्षच. फोनवर भागणाऱ्या भेटी असतात आणि न भागणाऱ्या असतात. माझ्याकडे १२, २०, २८, ३२ आणि ३६ आठवड्यांच्या भेटी मी लाटेतही फोनवर केल्या नाहीत. सकाळची पहिली वेळ मागा, नीट बसणारा मास्क लावा, सोबत एकच माणूस न्या. बीपी, लघवीतली प्रथिनं, पोटाची उंची, बाळाचे ठोके, सगळं मिळून पंधरा मिनिटांचं काम आहे.

आणि तिथे वजन कराल तो आकडा लिहून घ्या. घरी आलात की तेच कपडे अंगावर असताना, काही खाण्यापिण्याआधी, फरशीवर ठेवलेल्या घरच्या काट्यावर उभ्या राहा. दोन्हींतला फरक वहीच्या पहिल्या पानावर टाका, म्हणजे एप्रिलचे ६२ आणि आजचे ७३ यांचा खरा हिशेब लागेल. मग दर रविवारी सकाळी, शौचाला जाऊन आल्यावर, अनशापोटी, एकदाच वजन आणि शेजारी बीपी. साखरेचा आकडा हातात आला की या तिन्ही गोष्टींसह परत लिहा, ताटाचं पुन्हा बघू.